धर्म तोच, मतदार तेच, मग निकाल का फिरतो?

२३ नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी आमच्या गावच्या चौकात गुलालाचा थर साचला होता. विधानसभेचा निकाल लागला होता आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या दहाच्या दहा जागा महायुती आणि तिच्या सोबतच्यांकडे गेल्या होत्या. रात्री आठपर्यंत मोबाईलवर हिशेब यायला लागले. हिंदूंची इतके टक्के मतं इकडे, मुसलमानांची इतके टक्के तिकडे, जैनांची अमुक, लिंगायतांची तमुक. दूध संस्थेच्या कट्ट्यावर मी ते मोठ्यानं वाचून दाखवत होतो. आमच्या भावकीतले एक तात्या ऐकत बसले होते. संस्थेचं दप्तर त्यांनी बरीच वर्षं सांभाळलंय. ते म्हणाले, "मे महिन्यात हीच माणसं मत द्यायला गेलती की. तवा काय दुसऱ्या धर्माची हुती?"

तात्यांचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. ७ मे २०२४ ला मतदान झालं, तेव्हा कोल्हापूर लोकसभा मतदारसंघानं राजर्षी शाहू महाराजांचे वंशज आणि काँग्रेसचे उमेदवार शाहू छत्रपती यांना दीड लाखावर मताधिक्यानं निवडून दिलं. २० नोव्हेंबरला बहुतेक तेच मतदार, तीच शाळांमधली केंद्रं, आणि काँग्रेसला जिल्ह्यात एकही जागा नाही. आणखी मागं जा. २०१४ च्या विधानसभेत जिल्ह्यात काँग्रेसला शून्य, शिवसेनेला सहा, भाजपला दोन. २०१९ ला काँग्रेसला चार, शिवसेनेला एक, भाजपला शून्य. २०२४ ला काँग्रेस पुन्हा शून्यावर. या दहा वर्षांत जिल्ह्यातल्या माणसांचा धर्म बदललेला नाही. मुसलमान शेकडा सात-साडेसातच्या घरात होते, तेवढेच आहेत. जैन शेकडा चारच्या आसपास होते, तेही तेवढेच आहेत.

जी गोष्ट जागची हलत नाही, ती हलणाऱ्या गोष्टीचं एकटी कारण कशी होईल? म्हणून धर्माचा मताशी काही संबंध नाही, असंही मी म्हणणार नाही. संबंध आहे, आणि काही वेळा तो फार जोराचा असतो. तो कसा चालतो, एवढंच इथं उलगडून बघायचं आहे.

एका माणसात किती ओळखी असतात

करवीर तालुक्यातला एखादा शेतकरी घ्या. तो हिंदू आहे, मराठा आहे. गोकुळला दूध घालतो, ऊस ठरलेल्या कारखान्याला जातो, पोरगा तालमीत जातो, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे, गावात तो 'अमक्याच्या गटाचा' म्हणून ओळखला जातो आणि गावाबाहेर कोल्हापूरकर म्हणून. या सगळ्या ओळखी त्याच्यात एकाच वेळी असतात. मत मात्र एकच द्यायचं असतं. बटण दाबताना यातली कुठली ओळख वर येते, सगळा प्रश्न तिथं आहे.

पंचगंगेचं उदाहरण घेऊ. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती मिळून ती प्रयाग चिखलीला एक होते. नदी बारमाही वाहते, पण उन्हाळ्यात तिची पातळी कोणी विचारत नाही. जुलैत राजाराम बंधाऱ्याकडं सगळ्यांचं लक्ष लागतं. पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका. धार्मिक ओळखीचंही असंच आहे. ती माणसात कायम असते. रोज देव पुजणारा, नमाज पढणारा, बस्तीत म्हणजे जैन मंदिरात जाणारा माणूस तिच्यावरून मत ठरवतोच असं नाही. तिची पातळी चढायला पाऊस लागतो, आणि वरच्या धरणाचे दरवाजे उघडावे लागतात. तो पाऊस म्हणजे एखादी घटना, अफवा, भीती, अपमानाची भावना. दरवाजे उघडणारे हात राजकीय असतात.

पातळी इतकी चढली की बाकीच्या ओळखी पाण्याखाली जातात आणि माणसं 'आपण' आणि 'ते' अशा दोनच काठांवर उभी राहतात. अभ्यासक याला ध्रुवीकरण म्हणतात. हा शब्द मी पुढं फारसा वापरणार नाही. पाणी चढणं एवढंच म्हणेन.

'व्होट बँक' या शब्दाचा मूळ अर्थ

व्होट बँक म्हटलं की आज कुठल्यातरी धर्माची किंवा जातीची एकगठ्ठा मतं डोळ्यासमोर येतात. हा शब्द समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५५ च्या एका निबंधात वापरला. ते म्हैसूरकडच्या एका गावाचा अभ्यास करत होते. त्यांना दिसलेली 'बँक' होती गावातल्या वजनदार माणसाची. ज्यानं अडीनडीला धान्य दिलं, जमीन खंडानं दिली, भांडण मिटवलं, त्याच्या शब्दावर आश्रितांची मतं पडायची. अशा माणसाच्या खात्यावर मतं 'जमा' असायची.

हे वाचलं तेव्हा मला वाटलं, हे तर आपल्याकडचं 'गट' प्रकरण. कोल्हापूर जिल्ह्यात पक्ष हा शब्द शहरात चालतो, गावात गट चालतो. मंडलिक गट, महाडिक गट, मुश्रीफ गट, बंटी पाटलांचा गट. जिल्हा बँक, गोकुळ, साखर कारखाने, बाजार समिती, विकास सोसायट्या हे या गटांचे खांब. पोराची नोकरी, उसाची तोड, पीककर्ज, दवाखान्याची चिठ्ठी, सगळं त्या खांबांतून येतं. तिथं नेता कुठल्या धर्माचा आहे यापेक्षा फोन उचलतो का, हे लोक आधी बघतात.

कागल

याचं सगळ्यात ठळक उदाहरण जिल्ह्याबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. कागल मतदारसंघात हिंदू बहुसंख्य आहेत आणि त्यांतही मराठा समाज मोठा. तिथून हसन मुश्रीफ १९९९ पासून सलग सहा वेळा निवडून आले आहेत. समोर कधी संजय घाटगे, कधी कागलच्या राजघराण्यातले समरजितसिंह घाटगे. ज्या घाटगे घराण्यात शाहू महाराजांचा जन्म झाला, त्याच घराण्यातला उमेदवार समोर होता. 'हिंदू मत हिंदूला' हा साधा हिशेब खरा असता तर कागलचा निकाल १९९९ लाच कायमचा ठरला असता.

२०२४ ची लढत तर टक्केवारीच्या कुठल्याच कोष्टकात बसत नाही. मुश्रीफ अजित पवारांसोबत भाजपच्या बाजूच्या आघाडीत होते. समरजितसिंह भाजप सोडून शरद पवारांच्या पक्षात आले होते. म्हणजे हिंदुत्व मानणाऱ्या कार्यकर्त्याला आघाडीचा आदेश म्हणून मुश्रीफांसाठी फिरावं लागलं, आणि धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या आघाडीचे कार्यकर्ते त्यांना पाडण्यासाठी राबले. मुश्रीफ साडेअकरा हजारांच्या आसपास मतांनी आले.

बाहेरचे पत्रकार हे बघून 'कागलमध्ये धर्म चालत नाही' असं लिहितात. मला ते अर्धं बरोबर वाटतं. कागलमध्ये गैबी पिराचा उरूस हा गावाचा सण आहे, सगळ्या गल्ल्यांचा. तिथं हिंदू-मुसलमान ही ओळख आहेच, पण तिच्यावर गटाची ओळख इतकी घट्ट बसली आहे की खालची वर येत नाही. माणूस आधी कुणाच्या तरी गटाचा असतो, आणि प्रत्येक गटात दोन्ही धर्मांची माणसं असतात. मुश्रीफांच्या विरोधातल्या गटांतही मुसलमान कार्यकर्ते होते आणि आहेत. भांडण धर्माच्या रेषेवरून जातच नाही, कारण रेषा दुसरीकडंच आखलेली आहे. कागलला लोक राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात. धर्म आणि मत यांचा अभ्यास करायचा असेल त्यानं या विद्यापीठात एक निवडणूक तरी काढावी, असं मला मनापासून वाटतं.

जैनांचा नेता की उसाचा नेता?

देशात जैन शेकडा अर्धाही भरत नाहीत. आपल्याकडं, विशेषतः शिरोळ, हातकणंगले, इचलकरंजी भागात, जैन समाज शेती करणारा, मराठी बोलणारा आणि संख्येनं लक्षात येणारा आहे. राजू शेट्टी याच समाजातले. २००९ आणि २०१४ ला ते हातकणंगलेतून खासदार झाले. त्यांना मत देणारे बहुसंख्य लोक जैन नव्हते. त्यांना एकत्र आणलं ते उसाच्या दरानं. चळवळ जोरात असेपर्यंत 'शेतकरी' ही ओळख सगळ्यांच्या वर राहिली.

२०१९ ला शेट्टी धैर्यशील माने यांच्याकडून शहाण्णव हजारांवर मतांनी हरले. त्याच निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीच्या अस्लम सय्यद यांना सव्वा लाखाच्या आसपास मतं पडली. लगेच हिशेब निघाला की 'मुस्लिम मतं फुटली म्हणून शेट्टी पडले.' इथं दोन चुका आहेत. वंचितची मतं फक्त मुसलमानांची नव्हती, दलित आणि इतर बहुजनांची मोठी मतं त्यात होती. आणि वंचित नसती तर ती सगळी मतं शेट्टींनाच गेली असती, हे कोणी ठरवलं? काही माणसं मतदानालाच गेली नसती. वजाबाकी करताना आपण धरून चालतो की प्रत्येक समाजाचं मत आधीच कुणाच्या तरी मालकीचं आहे, आणि दुसऱ्यानं घेतलं की ते 'फुटलं'. ही भाषा मतदाराचा अपमान करणारी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

इतर भागांत चित्र वेगळं का दिसतं

एकाच राज्यात कागल एका टोकाला आणि छत्रपती संभाजीनगर दुसऱ्या टोकाला, हे कशामुळं? पहिलं कारण आठवणी. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यातून सुटला. रझाकारांच्या काळाच्या गोष्टी तिथं घराघरांत आहेत आणि प्रत्येक निवडणुकीत कोणीतरी त्या बाहेर काढतो. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात आलं, आणि आपल्या आठवणीत आहेत शाहू महाराज. त्यांनी २६ जुलै १९०२ ला मागासांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखून ठेवल्या. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशा वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी शहरात वसतिगृहं उभी राहिली, त्या वसतिगृहांना शाहूंचा आधार होता. प्रत्येक समाजाची वेगळी ओळख मान्य करायची आणि सगळ्यांना एकाच गावात जागा द्यायची, हा इथला जुना रिवाज. त्यातून ब्राह्मणेतर चळवळ आली, मग शेतकरी कामगार पक्ष म्हणजे शेकाप आला. १९७७ ला शेकापचे दाजीबा देसाई इथून खासदार झाले. या राजकारणातली भांडणं सावकार आणि कूळ, वतनदार आणि रयत अशी होती. हिंदू-मुसलमान हा कप्पा त्यात फार मोठा नव्हता.

दुसरं कारण संख्या आणि निवडणुकीची पद्धत. आपल्याकडं ज्याला सगळ्यात जास्त मतं तो विजयी, निम्म्यांहून अधिक लागत नाहीत. समजा शंभर मतदार आहेत, त्यात एका समाजाचे तीस. उरलेल्या सत्तरांनी तीन उमेदवारांत मतं साधारण सारखी वाटली आणि तीस एका जागी राहिले, तर तीसवाला निवडून येतो. २०१९ ला औरंगाबाद लोकसभेत असंच काहीसं झालं. एमआयएमचे इम्तियाज जलील शिवसेनेच्या चंद्रकांत खैरेंपेक्षा फक्त ४,४९२ मतांनी पुढं होते, आणि अपक्ष हर्षवर्धन जाधवांनी पावणेतीन लाखांवर मतं घेतली होती. असा निकाल एकदा लागला की पुढच्या निवडणुकीत 'बघा, आपण विभागलो म्हणून ते आले' हे वाक्य गल्लोगल्ली फिरतं आणि पाणी आपोआप चढतं. जिथं अल्पसंख्याक शेकडा सात आहेत, तिथं ते एकटे कोणाला निवडून आणू शकत नाहीत. त्यामुळं त्यांची भीती घालणं अवघड जातं, आणि दोन तुल्यबळ गटांच्या लढतीत तीच सात टक्के मतं दोघांनाही हवीशी वाटतात.

'पण मुसलमान एकगठ्ठा मतदान करतात ना?'

हा प्रश्न मला दर निवडणुकीत विचारला जातो, आणि विचारणारे सगळेच वाईट हेतूनं विचारत नाहीत. म्हणून नीट उत्तर देतो.

मे २०२४ ला धुळे लोकसभेत भाजपचे सुभाष भामरे सहापैकी पाच विधानसभा भागांत मिळून मोठ्या आघाडीवर होते. सहावा भाग मालेगाव मध्य. तिथं काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना एक लाख नव्वद हजारांहून जास्त आघाडी मिळाली आणि त्या ३,८३१ मतांनी जिंकल्या. हे एकगठ्ठा मतदान होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पुढची विधानसभेची अख्खी निवडणूक या आकड्यावर तापवली गेली.

आता त्याच मालेगाव मध्यचा नोव्हेंबरचा निकाल बघा. तेच मतदार, तीच मोहल्ल्यातली केंद्रं. मुफ्ती इस्माईल हे आसिफ शेख यांच्यापेक्षा १६२ मतं जास्त घेऊन निवडून आले. एकशे बासष्ट! मे महिन्यात एका मुठीत असल्यासारखं दिसलेलं मत नोव्हेंबरला जवळजवळ मधोमध चिरलं गेलं. कारण समोरासमोर दोन्ही बाजूंना मुसलमान उमेदवार होते. धर्माचा प्रश्नच उरला नाही, तेव्हा बाकीच्या ओळखी वर आल्या. कोण कुठल्या मोहल्ल्याचा, कोणाचं काम कोणी केलं, कोणावर राग आहे.

म्हणजे गठ्ठा बांधतो तो समोरचा पर्याय. एखाद्या समाजाला वाटलं की एक बाजू आपल्या विरोधात आहे, तर तो तिला पाडू शकेल अशा सगळ्यात बळकट उमेदवाराकडं जातो. उसाला दर न देणाऱ्या कारखान्याच्या पॅनेलविरुद्ध सगळे शेतकरी, जात-धर्म विसरून, एक होतात तेव्हा आपण त्याला जागृती म्हणतो. दोन्हीकडं डोकं एकाच पद्धतीनं चालतं.

हे टक्के येतात तरी कुठून?

आता पुन्हा दूध संस्थेच्या कट्ट्यावर या. रोज प्रत्येकाच्या दुधाचा नमुना वेगळा घेतात, फॅट वेगळी काढतात, वहीत वेगळी लिहितात. समजा एक दिवस कोणाचाच नमुना घेतला नाही, सगळ्यांचं दूध एका कॅनमध्ये ओतलं आणि मग फॅट काढली. आकडा खरा येईल, पण तो कॅनचा. त्यावरून अमक्याच्या म्हशीची फॅट किती हे कोणी सांगितलं तर तात्या त्याला दारातून बाहेर काढतील.

मतदान केंद्र म्हणजे हा कॅन. निवडणूक आयोग प्रत्येक केंद्रावरची उमेदवारनिहाय मतं जाहीर करतो, त्या कागदाला फॉर्म २० म्हणतात. मतं कोणी दिली हे त्यात कुठंच नसतं. ज्या गल्लीत एका समाजाची वस्ती जास्त, त्या केंद्राचा आकडा बघून लोक 'त्या समाजानं असं मत दिलं' म्हणतात. जवळजवळ सगळी वस्ती एकाच समाजाची असेल तर अंदाज बराच जवळ जातो, मालेगावसारखा. पण आपल्याकडं बहुतेक गावांत केंद्रं मिसळलेली. तिथं साठ टक्के वस्ती आणि साठ टक्के मतं हे दोन आकडे जुळले, म्हणून तीच माणसं ती मतं देऊन आली असं सिद्ध होत नाही.

केंद्रनिहाय आकडे उघड होतात याचा एक वाईट परिणामही आहे. गावात निकालाच्या दुसऱ्या दिवशी 'त्या गल्लीनं आपल्याला मत दिलं नाही' म्हणून पाण्याचं कनेक्शन किंवा रस्ता अडवण्याची भाषा सुरू होते. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रांवरही तसं करता यावं म्हणून निवडणूक आयोगानं २००८ मध्ये 'टोटलायझर' नावाच्या उपकरणाचा प्रस्ताव दिला, विधी आयोगानंही २०१५ ला तो उचलून धरला. तो अजून प्रत्यक्षात आलेला नाही. मला विचाराल तर तो यायला हवा.

मग विश्वास कशावर ठेवायचा? मतदानानंतर घरोघर जाऊन केलेल्या पाहण्यांवर, आणि तोही राज्य किंवा देश पातळीवर, एका तालुक्यासाठी नव्हे. लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०१४ ला देशातल्या हिंदू मतदारांपैकी सुमारे ३६ टक्क्यांनी भाजपला मत दिलं, २०१९ ला सुमारे ४४ टक्क्यांनी. पाच वर्षांत आठ टक्क्यांची वाढ म्हणजे पाणी चढलं होतं यात शंका नाही. आणि त्या चढलेल्या पाण्यातही निम्म्याहून जास्त हिंदूंनी दुसऱ्या कोणाला तरी मत दिलं. हे दोन्ही अर्थ एकाच आकड्यात आहेत. मोबाईलवर फिरणारा संदेश त्यातला एकच उचलतो.

'मग २०२३ चा जून आणि विशाळगड विसरायचा का?'

नाही. ७ जून २०२३ ला स्टेटसवरच्या मजकुरावरून शहर बंद पडलं, शिवाजी चौकात जमाव आला, लाठीमार झाला, इंटरनेट बंद झालं. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या अतिक्रमणाचं निमित्त झालं आणि खाली गजापुरात घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला. ज्यांचा गडावरच्या अतिक्रमणाशी संबंध नव्हता, त्यांची भांडी-कुंडी, पुस्तकं रस्त्यावर आली. शाहूंच्या जिल्ह्यात असं होत नाही, या आपल्या समजुतीला त्या दिवशी तडा गेला. मला त्या दिवसाची लाज वाटते.

तरी निकालाशी याचा धागा जोडताना सावध राहावं लागतं. जून २०२३ नंतर अकरा महिन्यांनी त्याच शहरानं शाहू छत्रपतींना निवडून दिलं. त्याआधी एप्रिल २०२२ च्या कोल्हापूर उत्तर पोटनिवडणुकीत हिंदुत्वावर जोरदार प्रचार झाला आणि काँग्रेसच्या जयश्री जाधव अठरा हजारांवर मतांनी जिंकल्या. विशाळगडानंतर चार महिन्यांनी मात्र महायुतीनं जिल्हा जिंकला. त्या चार महिन्यांत लाडक्या बहिणींच्या खात्यात दीड-दीड हजारांचे हप्ते पडले होते, शिवसेना आणि राष्ट्रवादी फुटून झालेल्या जुळवाजुळवीत अनेक तालेवार गट सत्तेच्या बाजूला बसले होते, आणि लोकसभेला राजर्षींच्या वंशजांसाठी एक झालेला माणूस विधानसभेला आपल्या गटात परत गेला होता. गजापूरचा वाटा शून्य होता असं मी म्हणणार नाही. त्याचा वाटा वेगळा काढून दाखवता येतो असं जो म्हणतो, तो कॅनमधल्या दुधावरून म्हैस ओळखतोय.

एक गोष्ट मात्र शेजारच्या मिरजेनं दाखवलीय. सप्टेंबर २००९ ला तिथं गणेशोत्सवातल्या कमानीवरून दंगल झाली, तिचे पडसाद इचलकरंजीपर्यंत आले, आणि ऑक्टोबरच्या विधानसभेत मिरज, सांगली आणि इचलकरंजी तिन्ही जागा भाजपला गेल्या. दंगल आणि मतदान यांत महिनाभराचं अंतर होतं. पाणी ओसरायला वेळच मिळाला नाही.

धर्माच्या नावावर मत मागणं बेकायदा नाही का?

आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या आधारावर मत मागणं हा भ्रष्ट आचार ठरतो आणि निवडणूक रद्द होऊ शकते. पार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतल्या भाषणांवरून रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली आणि पुढं बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षं काढून घेतला गेला. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढं करून मत मागणंही यात येतं. पण कायदा भाषणापर्यंत पोचतो. ज्या संदेशाखाली कोणाचं नाव नसतं, त्याच्यापर्यंत तो पोचत नाही. आणि एखाद्यानं मनातल्या मनात धर्म बघून मत दिलं तर तो त्याचा हक्कच आहे.

गटाची पकड सैल झाली की

माझी काळजी वेगळीच आहे. ज्या गटांनी इतकी वर्षं धर्माचं पाणी अडवलं, ते काही पवित्र नव्हते. त्यांच्यात घराणेशाही आहे, नोकरीसाठी लाचारी आहे, 'आमच्याकडं ये नाहीतर ऊस वाळव' ही दादागिरी आहे. तरुण पोरं त्याला कंटाळली, यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या, पुण्यात भाड्यानं राहणाऱ्या पोराचा दूध संस्थेशी संबंध उरत नाही. त्याला कुठल्या साहेबांचा फोन लागत नाही आणि लागायला नकोही आहे. तो मोकळा झाला. पण मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी कुठलीतरी ओळख येऊन बसतेच, आणि त्याच्या मोबाईलवर दिवसरात्र एकच ओळख येऊन आदळते. शहरात हे आधी दिसलं. १९९० च्या दशकापासून कोल्हापूर शहरानं अनेकदा शिवसेनेचा आमदार दिला, कारण सहकाराच्या राजकारणात ज्यांना जागा नव्हती अशा पेठांतल्या पोरांना तिथं जागा मिळाली. त्याच पेठांतल्या तालमींत मोहरमला पंजे बसतात आणि पोरं ते खांद्यावर घेऊन नाचतात. दोन्ही खरं आहे, आणि एकाच पोराच्या बाबतीत खरं आहे.

जुलै २०२५ ला शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठाची महादेवी ऊर्फ माधुरी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानंतर गुजरातला नेली, तेव्हा मी जवळून बघितलं. हत्तीण मठाची, मठ जैनांचा. गावोगावची मराठा, लिंगायत, मुसलमान, दलित माणसं रडत होती. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरला पायी मोर्चा आला, वाटेत सगळ्या समाजांनी चालणाऱ्यांना पाणी दिलं, खायला दिलं. हत्तीण जैन आहे का, असं एकानंही विचारलं नाही. ती 'आपली माधुरी' होती. त्या आठवड्यात या भागात 'इथला' असण्याची ओळख सगळ्यांच्या वर होती, आणि ती कुठल्याही पक्षानं वर आणलेली नव्हती. नंतर सगळे पक्ष धावत आले.

मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर एकानं मला विचारलं, याचा फायदा पुढच्या निवडणुकीत कोणाला होणार, जैन मतं कुठं वळणार? तात्या त्या दिवशी पण तिथंच होते. त्यांनी वही मिटली आणि त्यालाच उलट विचारलं, "तू चाललास न्हवं काल? मग तू जैन कवा झालास?"